सभासदांचा पैसा, सरकारचा तपासनीस : महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबाचा इतिहास

महाराष्ट्रात नोंदल्या गेलेल्या सहकारी संस्थांपैकी जवळपास निम्म्या संस्था गृहनिर्माणाच्या आहेत आणि त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली आहे. तरीही सहकाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी साखर कारखाने, पतपेढ्या आणि दूध संघ यांच्याकडे जितके लक्ष दिले, त्याच्या अल्पांशानेही या संस्थांकडे दिलेले नाही. त्यातही त्यांच्या हिशेबाचा, म्हणजे सभासदांकडून दरमहा गोळा होणाऱ्या पैशावर देखरेख कोणी करायची आणि जाब कोणी कोणाला द्यायचा या प्रश्नाचा, इतिहास तर जवळजवळ अलिखितच आहे. तो पाहू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती ही की गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबाला लागू झालेले नियम गृहनिर्माण संस्थेसाठी घडवलेलेच नव्हते. ते खेड्यातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी घडवले गेले, आणि शहरातल्या इमारतींना ते पुढे शंभर वर्षे थोड्याफार फरकाने लागू राहिले. आजच्या सोसायट्यांतील हिशेबाच्या तंट्यांची बरीचशी मुळे या उसन्या रचनेत सापडतात.

दख्खनमधील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा प्रश्न १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारपुढे सतत उभा होता, आणि मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन यांनी जर्मनीतील रायफायसेन पद्धतीच्या ग्रामीण पतसंस्थांचा अभ्यास करून दिलेल्या अहवालानंतर १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे, पहिली ग्रामीण पतसंस्था नोंदली गेली. या कायद्याखाली फक्त पतसंस्थाच नोंदता येत असत. घरे बांधण्यासाठी किंवा माल खरेदी-विक्रीसाठी निघालेल्या संस्थांना त्यात जागा नव्हती. ती १९१२ च्या सहकारी संस्था अधिनियमाने मिळाली आणि त्याच अधिनियमाच्या १७ व्या कलमाने लेखापरीक्षणाची जी व्याख्या केली, तिची छाप पुढच्या सर्व कायद्यांवर पडली. प्रत्येक संस्थेचे हिशेब वर्षातून किमान एकदा निबंधकाने, म्हणजे संस्थांची नोंदणी व देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, स्वतः तपासावेत किंवा आपण अधिकार दिलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावेत, आणि त्या तपासणीत थकलेल्या कर्जांची छाननी व संस्थेच्या मालमत्तेचे आणि देण्यांचे मूल्यमापन यांचा समावेश असावा, असे हे कलम सांगत होते. थकलेली कर्जे हा शब्दप्रयोगच पुरेसा बोलका आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कर्ज देणारी संस्था होती, आणि हिशेब तपासायचा तो दिलेले कर्ज परत येईल की नाही हे पाहण्यासाठी.

तपासणी सरकारने का करायची, याचेही उत्तर त्या काळाच्या परिस्थितीत आहे. खेड्यातील पतसंस्थेचे सभासद बहुधा निरक्षर असत, संस्थेचा चिटणीस बहुतेक वेळा गावचा शिक्षक किंवा कुलकर्णी असे, आणि अमर्याद जबाबदारीच्या तत्त्वामुळे एका सभासदाच्या थकबाकीचा भार इतरांच्या शेतीवाडीवर पडू शकत असे. अशा ठिकाणी बाहेरचा जाणकार तपासनीस हे सभासदांचे खरे संरक्षण होते. १९१४-१५ साली सर एडवर्ड मॅक्लॅगन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तर आणखी पुढे जाऊन असे मत दिले की लेखापरीक्षण कायद्याच्या किमान अटींपाशी थांबू नये, संस्थेची एकूण स्थिती ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून असते त्या सर्वांची चौकशी त्यात व्हावी. हा आदर्श उंच होता, आणि त्यासाठी लागणारा तपासनीसांचा ताफा सरकारपाशी पुढेही कधी पुरेसा नव्हता.

याच सुमारास मुंबई शहरात सहकाराचे दुसरे, पूर्णपणे नागरी रूप आकार घेत होते. १८९६ च्या प्लेगने दाटीवाटीच्या चाळींची भयानकता उघडी पाडल्यानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रस्ते रुंद केले, गलिच्छ वस्त्या पाडल्या आणि गावदेवीसारख्या भागांत आखलेले भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. पण पगारावर जगणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला एकट्याने भूखंड घेऊन घर बांधणे शक्य नव्हते. १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँकेची स्थापना करणारे राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी या अडचणीवर सहकाराचा उपाय सुचवला, आणि त्यांच्या पुढाकाराने चित्रापूर सारस्वत समाजातील मंडळींनी १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली. बंगळुरात १९०९ मध्येच अशी एक संस्था निघाली होती, परंतु मुंबईच्या पद्धतीवर आणि पुढे महाराष्ट्राच्या कायद्यावर ठसा उमटला तो गावदेवीचा.

सारस्वत संस्थेने स्वीकारलेल्या पद्धतीला भाडेकरू सहभागीदारी म्हणतात. या पद्धतीत जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची राहते, सभासद संस्थेचे भाग घेतो आणि आपल्याच संस्थेचा भाडेकरू म्हणून घरात राहतो. एका अर्थी तो स्वतःचाच घरमालक आणि स्वतःचाच भाडेकरू असतो. ही कल्पना लंडनजवळच्या ईलिंग येथे १९०१ मध्ये कामगारांनी काढलेल्या संस्थेकडून आली होती. तिच्याशेजारी भाडेकरू मालकीची दुसरी पद्धतही रूढ झाली, तीत जमीन संस्थेची आणि तिच्यावर बांधलेले घर सभासदाचे असे, आणि बंगल्यांच्या वसाहतींना ती अधिक सोयीची पडली. हिशेबाच्या दृष्टीने या दोन पद्धतींतला भेद मोलाचा आहे. सहभागीदारीत सभासद दरमहा जे भाडे भरतो त्यात भाडेपट्ट्याची रक्कम, महापालिकेचे कर, कर्जाचा हप्ता व व्याज, दुरुस्ती आणि इमारतीच्या झिजेसाठीची तरतूद हे सारे आलेले असते, म्हणून संस्थेच्या वहीत एक चूक झाली तर ती प्रत्येक बिऱ्हाडाच्या भाड्यात उमटते.

आरंभीच्या या संस्थांमध्ये हिशेबाचे मोठे तंटे झाल्याच्या नोंदी विरळ आहेत, आणि त्याचे श्रेय कायद्याला देण्याचे कारण दिसत नाही. सभासद एकाच समाजाचे, बहुधा नातेवाईक किंवा एका गावचे असत; ते सुशिक्षित होते, त्यांच्यापैकी अनेक जण बँकांत आणि व्यापारी पेढ्यांत हिशेब लिहिण्याचीच नोकरी करत, आणि चिटणीसाने केलेली अफरातफर त्याच्या घरच्या लग्नकार्यापर्यंत जाऊन पोचली असती. कायद्यातला सरकारी तपासनीस येथे वर्षातून एकदा येणारा पाहुणा होता, खरी तपासणी जिन्यात आणि ओसरीवर होत असे. जातीच्या आधारावर घरे वाटणाऱ्या या रचनेचे सामाजिक मूल्यमापन हा वेगळा विषय आहे आणि त्याचा निकाल आज फारसा अनुकूल लागणार नाही. मात्र ओळखीतून आलेला हा धाक नाहीसा झाल्यावर त्याच्या जागी काय ठेवायचे, याचा विचार पुढच्या कायद्यांनी केला नाही हेही खरे आहे.

मुंबई इलाख्याने १९२५ मध्ये स्वतःचा सहकारी संस्था अधिनियम केला, पण निबंधकाने लेखापरीक्षण करायचे हे तत्त्व त्यातही कायम राहिले. गृहनिर्माण संस्थांची संख्या तोवर तोकडीच होती, कारण मुंबईतला बहुसंख्य माणूस भाड्यानेच राहत असे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवर भाडी गोठवली, त्यामुळे भाडेकरूला संरक्षण मिळाले खरे, परंतु घरमालकाला दुरुस्तीत आणि नव्या बांधकामात रस उरला नाही. देवघेव पागडीत, म्हणजे पावतीशिवाय दिल्या-घेतल्या जाणाऱ्या रकमेत, होऊ लागली. दुरुस्तीसाठी कोणीच पैसा बाजूला न ठेवल्याचा परिणाम असा झाला की पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या आणि १९६९ साली सरकारला दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापून जुन्या इमारतींवर खास उपकर बसवावा लागला. उपकरप्राप्त हे विशेषण मुंबईच्या बोलण्यात रुळले ते तेव्हापासून. सोसायटीचा दुरुस्ती निधी आणि या इमारतींचा उपकर हे एकाच गरजेचे दोन मार्ग होते, एकात रहिवासी स्वतः पैसा साठवतो आणि दुसऱ्यात सरकार तो वसूल करते.

भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे आतबट्ट्याचे ठरल्यावर बांधकाम करणाऱ्यांनी ओनरशिप फ्लॅटचा, म्हणजे मालकी हक्काने सदनिका विकण्याचा, मार्ग शोधला आणि सोसायटीचे स्वरूपच पालटले. गावदेवीत आधी माणसे एकत्र आली होती आणि मग इमारत उभी राहिली होती. आता इमारत आधी, तिचा बांधणारा तिसराच, आणि परस्परांना न ओळखणारे खरेदीदार शेवटी, असा क्रम झाला. आगाऊ घेतलेल्या पैशातून दुसरीच इमारत बांधणे, एकच सदनिका दोघांना विकणे, जमिनीचे अभिहस्तांतरण म्हणजे मालकीचे खत संस्थेच्या नावे करून न देणे, असे प्रकार इतके वाढले की १९६३ मध्ये महाराष्ट्राला मालकी सदनिकांचा स्वतंत्र अधिनियम करावा लागला. व्यवहारात तो मोफा या नावाने ओळखला जातो. त्याचे ५ वे कलम हिशेबाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. खरेदीदारांकडून आगाऊ किंवा अनामत म्हणून घेतलेला पैसा प्रवर्तकाने स्वतंत्र खात्यात ठेवावा, त्याचा तो विश्वस्त समजला जावा आणि ज्या कारणासाठी पैसा घेतला त्याच कारणासाठी तो खर्च व्हावा, असा हा नियम होता. नियम उत्तम होता, पण ते खाते नेमाने तपासण्याची कोणतीही यंत्रणा अधिनियमाने उभी केली नाही. परिणामी नव्या सोसायटीची पहिली वही बहुधा अपुरीच उघडत असे: सदनिकाधारकांनी सोसायटी स्थापनेसाठी आणि देखभालीसाठी भरलेल्या रकमांचा हिशेब बांधकाम व्यावसायिकाकडे अडकलेला, आणि समितीपाशी फक्त चाव्या. वेगळे खाते आणि त्यावरचे नियंत्रण यांची सांगड २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने घातली, म्हणजे मध्ये अर्धशतक गेले.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर केलेला सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला आणि आजवरची सारी वाटचाल त्याच्याच चौकटीत झाली. त्यातील कलमांचे आकडे सोसायट्यांच्या सभांमध्ये नावांसारखे उच्चारले जातात. ८१ म्हणजे लेखापरीक्षण, ८२ म्हणजे तपासनीसाने दाखवलेल्या दोषांची दुरुस्ती, ८३ म्हणजे निबंधकाने करायची चौकशी, आणि ८८ म्हणजे संस्थेचे नुकसान करणाऱ्या पदाधिकाऱ्यावर रक्कम निश्चित करून ती त्याच्याकडून वसूल करणे. दोषदुरुस्तीचा अहवाल ज्या नमुन्यात द्यायचा तो ओ नमुना, सभासदांची नोंदवही आय नमुन्यात आणि त्यांची यादी जे नमुन्यात. समितीच्या सदस्यांनी आपल्या कारकिर्दीतील निर्णयांची एकत्रित व वैयक्तिक जबाबदारी स्वीकारल्याचे बंधपत्र एम-२० नमुन्यात मुद्रांकावर लिहून द्यायचे, ही तरतूद मागाहून जोडली गेली. बिनपगारी काम करणाऱ्या शेजाऱ्याकडून असे बंधपत्र घेण्यातला कठोरपणा नाकारता येत नाही, परंतु बंधपत्र दिलेच नाही म्हणून समितीवरून पायउतार व्हावे लागल्याचे तंटेच अधिक झाले आणि बंधपत्राच्या आधारे पैसा वसूल झाल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी.

२०१३ पर्यंत लेखापरीक्षक कोण असावा हे सहकार खाते ठरवत असे. खात्याचे स्वतःचे लेखापरीक्षक होते, त्यांच्यावर जिल्हा विशेष लेखापरीक्षक होता, आणि कामाचा डोंगर उपसण्यासाठी खात्याबाहेरील प्रमाणित लेखापरीक्षकांची नामिका, म्हणजे मान्य यादी, ठेवलेली असे. या यादीत सनदी लेखापालांबरोबर जी. डी. सी. अँड ए. ही सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका मिळवलेले लोकही येत. ही पदविका म्हणजे मराठी नोकरदार वर्गाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण आहे, कारण दिवसा कचेरीत काम करून संध्याकाळी सोसायट्यांचे दप्तर तपासणारी आणि निवृत्तीनंतर तोच व्यवसाय करणारी एक मोठी फळी तिने उभी केली, आणि छोट्या सोसायट्यांची किर्द व खतावणी, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही आणि खातेवार वही, कशीबशी का होईना पण नेमाने लिहिली गेली ती प्रामुख्याने या लोकांमुळे. तपासणीअंती संस्थेला अ, ब, क किंवा ड असा वर्ग मिळे. अ वर्ग मिळाल्याचा उल्लेख वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर असे. ड वर्गाचा शोधावा लागे.

या व्यवस्थेत तपासले जात होते ते काय, हे नीट पाहण्यासारखे आहे. लेखापरीक्षक प्रत्येक खर्चाला व्हाउचर आहे का, त्यावर दोन सह्या आहेत का, खर्च समितीच्या ठरावात बसतो का, बँकेची शिल्लक जुळते का, कायद्याच्या ७० व्या कलमाने मान्य केलेल्या ठिकाणीच निधी गुंतवला आहे का, इतके पाहतो, आणि ते पाहणे आवश्यकच आहे. परंतु गच्चीच्या डांबरीकरणाला जो दर दिला तो बाजारभावाला धरून होता की दुप्पट, पाण्याची टाकी खरोखरच बदलायला हवी होती की डागडुजीने भागले असते, तीन कंत्राटदारांची निविदापत्रे एकाच हाताने लिहिलेली होती की काय, हे व्हाउचरवरून कळत नाही. पतसंस्थेत कर्ज बुडाले की ते थकबाकीच्या यादीत आपोआप दिसते. सोसायटीत वाया गेलेला पैसा मात्र योग्य खर्चाच्या वेषात ताळेबंदात शांतपणे बसून राहतो. १९१२ च्या कलमाने शिकवलेली तपासणीची दृष्टी सोसायटीच्या बाबतीत नेमकी येथे अपुरी पडली.

ही उणीव भरून काढू शकणारा माणूस म्हणजे त्याच इमारतीत राहणारा सभासद, कारण डांबर किती दिवस टिकले हे त्याच्याच छतावरून कळते. त्याला कायद्याने काय दिले होते, हे १९६० च्या अधिनियमाच्या ३२ व्या कलमात पाहायला मिळते. सभासदाला कायदा, नियम व उपविधी म्हणजे संस्थेचे पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफातोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासदांची नोंदवही आणि सभांची इतिवृत्ते विनामूल्य पाहण्याचा हक्क या कलमाने दिला; मात्र हिशेबाच्या वह्यांपैकी ज्या भागात त्याचे स्वतःचे व्यवहार नोंदले असतील तेवढाच भाग पाहण्याचा. पतसंस्थेच्या संदर्भात ही मर्यादा रास्त आहे, एका ऋणकोने दुसऱ्याचे खाते का पाहावे? सोसायटीत मात्र लिफ्टच्या दुरुस्तीचे बिल कोणा एका सभासदाचा व्यवहार नसते, ते सर्वांचे असते, आणि नेमके तेच दाखवायला नकार देण्यासाठी या शब्दांचा आधार कित्येक समित्यांनी घेतला. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानेही ही वाट मोकळी केली नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की सहकारी संस्था त्या कायद्याखालील सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, निबंधकाला कायद्याने जी माहिती मागवता येते तेवढीच त्याच्यामार्फत मिळू शकते.

राहिली सर्वसाधारण सभा. कायद्याच्या ७५ व्या कलमाप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यावर ठरावीक मुदतीत वार्षिक सभा घेऊन तीत तपासलेले हिशेब मांडायचे असतात आणि सिद्धांततः सभासदांचे सार्वभौमत्व येथेच प्रकट होते. आदर्श उपविधींनी, म्हणजे शासनाने नमुना म्हणून प्रसृत केलेल्या पोटनियमांनी, या सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी ठरवली, आणि अर्ध्या तासात ती न झाल्यास सभा तहकूब करून त्याच दिवशी पुन्हा भरवण्याची मुभा दिली. तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नाही. त्यामुळे शेकडो सदनिकांच्या संकुलाचा कोट्यवधींचा जमाखर्च डझनभर माणसांच्या उपस्थितीत मंजूर होणे पूर्ण कायदेशीर ठरते. चहा-बिस्किटांच्या आधी हिशेब मंजूर होतो की नंतर, यावर चर्चेची लांबी ठरते असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

या रचनेतील सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी तपासली गेलेली गोष्ट म्हणजे सिंकिंग फंड, अर्थात इमारत कालांतराने नव्याने बांधावी लागेल म्हणून दरवर्षी बाजूला काढायचा निधी. आदर्श उपविधींप्रमाणे तो जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का दरसाल घ्यायचा असतो. येथे बांधकाम खर्च याचा अर्थ इमारत बांधली तेव्हाचा मूळ खर्च. समजा १९७५ साली एका सदनिकेच्या बांधकामाला ५०,००० रुपये लागले असतील, तर तिचा सिंकिंग फंड वर्षाला १२५ रुपये, आणि चाळीस वर्षांची जमा ५,००० रुपये होते. व्याजाने ही रक्कम काही पटींनी वाढली असे धरले तरी २०१५ साली तेवढ्यात एका खोलीच्या फरश्याही नव्या बसल्या नसत्या. लेखापरीक्षक अशा निधीला निर्दोष म्हणतो, कारण वसुली नियमाप्रमाणे, गुंतवणूक नियमाप्रमाणे आणि बँकेचा दाखलाही जोडलेला. निधीचा हिशेब चोख आणि निधी मात्र निरुपयोगी, ही अवस्था कोणा चिटणीसाच्या अप्रामाणिकपणाने आलेली नाही, ती नियम करणाऱ्यांनी महागाई हिशेबात न धरल्यामुळे आली, आणि महाराष्ट्रातल्या जुन्या सोसायट्यांना पुनर्विकासासाठी बांधकाम व्यावसायिकाच्या दारात उभे राहावे लागते याचे एक मोठे कारण येथे आहे.

समित्यांच्या वसुलीच्या अधिकाराला मात्र सरकारने वेळोवेळी लगाम घातला. सदनिका भाड्याने दिल्यास आकारले जाणारे बिनभोगवटा शुल्क आणि सदनिका विकताना घेतले जाणारे हस्तांतरण अधिमूल्य ही अनेक सोसायट्यांची उत्पन्नाची साधने बनली होती. ऑगस्ट २००१ मधील शासन निर्णयांनी पहिल्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची आणि दुसऱ्यावर २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. ऐच्छिक देणगी या नावाने ही मर्यादा ओलांडण्याची युक्ती लगेचच शोधली गेली, हे वेगळे सांगायला नको. पुनर्विकासाच्या बाबतीत ३ जानेवारी २००९ रोजी कलम ७९अ खाली निघालेले निर्देश अधिक मूलगामी होते. विशेष सर्वसाधारण सभेचा ठराव, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची नेमणूक, खुल्या निविदा, निबंधकाच्या प्रतिनिधीची उपस्थिती आणि सभेचे चित्रीकरण अशा पायऱ्या त्यांनी घालून दिल्या आणि ४ जुलै २०१९ रोजी त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. निर्णय होण्यापूर्वीच किंमत आणि पर्याय सभासदांपुढे ठेवायला लावणारी ही पद्धत, झालेल्या खर्चाची कागदपत्रे नंतर तपासणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा सोसायटीच्या प्रकृतीला अधिक मानवणारी होती, आणि ती रोजच्या मोठ्या दुरुस्त्यांना लागू झाली नाही ही खेदाची गोष्ट आहे.

सरकारी तपासनीसाचे युग संपवले ते ९७ व्या घटनादुरुस्तीने. फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने सहकारी संस्थांना स्वायत्तता देताना लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे दिला आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत हिशेब तपासून घेण्याचे बंधन घातले. २०१३ मध्ये महाराष्ट्राने आपला अधिनियम त्याप्रमाणे बदलला. ही दुरुस्ती राज्यांच्या मान्यतेविना झाल्यामुळे राज्यांतर्गत संस्थांपुरती ती टिकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दिला, तरी महाराष्ट्राचा स्वतःचा बदललेला कायदा त्यामुळे रद्द झाला नाही. त्यात गैरव्यवहार आढळल्यास लेखापरीक्षकाने विशेष अहवाल द्यावा आणि पोलिसांत प्रथम खबर नोंदवावी, अशी कडक तरतूद आहे. त्याचबरोबर एका लेखापरीक्षकाने वर्षाला २० पेक्षा अधिक संस्था घेऊ नयेत अशीही मर्यादा आहे, परंतु ज्या संस्थांचे भरणा झालेले भागभांडवल एक लाखाहून कमी आहे त्या या गणतीत धरल्या जात नाहीत. सोसायटीचा भाग ५० रुपयांचा, सभासदाकडे असे दहा भाग, म्हणजे १०० सदनिकांच्या संस्थेचे भागभांडवल ५०,००० रुपये. तिची वार्षिक उलाढाल कोटीच्या घरात असली तरी कायद्याच्या नजरेत ती क्षुल्लकच राहते. भागभांडवलावरून संस्थेचा आकार मोजण्याची ही सवयही पतसंस्थेचीच.

घटनादुरुस्तीने लेखापरीक्षक समितीच्या जवळ आणला, हा आक्षेप जुन्या खात्यातील लोक घेतात आणि तो निराधार नाही. नेमणूक कागदोपत्री सर्वसाधारण सभा करते, पण नाव समितीच सुचवते आणि शुल्कही तिच्याच धनादेशाने जाते. मात्र जुनी व्यवस्था त्याहून निःपक्षपाती होती असे मानण्यासही आधार नाही, कारण तेव्हा तपासणी अनेक वर्षे तुंबून राहत असे आणि तीन-चार वर्षांचे हिशेब एकदम तपासले जाईपर्यंत दोषी पदाधिकारी सदनिका विकून गेलेला असे.

गृहनिर्माण संस्था ही पतसंस्थेहून वेगळी जात आहे हे कायद्याने अखेर २०१९ मध्ये मान्य केले आणि अधिनियमात कलम १५४ब पासून सुरू होणारे स्वतंत्र प्रकरण घातले. कणगिनहाळच्या पतसंस्थेपासून मोजल्यास ११४ वर्षांनी आणि गावदेवीच्या संस्थेपासून १०४ वर्षांनी. सदस्यत्व, हस्तांतरण, थकबाकीची वसुली, लहान संस्थांच्या निवडणुका यांची व्यवस्था त्या प्रकरणात सोसायटीच्या गरजा ओळखून केली आहे, आणि दप्तर पाहण्याचा सभासदाचा हक्कही त्यात स्वतंत्र कलमाने आला आहे. लेखापरीक्षण मात्र साखर कारखाना, जिल्हा बँक आणि सोसायटी या सर्वांना एकाच ८१ व्या कलमाखाली राहिले, आणि सिंकिंग फंड आजही मूळ बांधकाम खर्चाच्या पाव टक्क्यानेच आकारला जातो.